सिरॅमिक इंजिनिअरिंगला जायचंय? सोलापुरातून फॉर्म भरण्याआधी करायची कामं

मागच्या मे महिन्यात माझी पुतणी भर दुपारी फोन घेऊन घरी आली. स्क्रीनवर कोलकात्याचं एक सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. "काका, इथं कॉम्प्युटरपण आहे आणि सिरॅमिकपण. सरकारी आहे, फी कमी आहे. कॉम्प्युटर नाही लागलं तर सिरॅमिक टाकून ठेवू का?" वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांची नजर फळीवरच्या चिनी मातीच्या बरणीकडे गेली. म्हणाल्या, "बरण्या करायला इंजिनिअर कशाला लागतो ओ?"

मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यात, गेली २२ वर्षं फर्नेसचं (भट्टीचं) लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर बघतो. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल. सिरॅमिक, म्हणजे माती आणि खनिजं भाजून वस्तू बनवण्याचं शास्त्र, मी कॉलेजात शिकलो नाही, भट्टीपाशी उभा राहून शिकलो. म्हणून "टाकून ठेवू का" हे शब्द मला लागले. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी जे केलं, ते नंतर ओळखीच्या चार-पाच घरांनाही सांगितलं. तेच इथं क्रमानं लिहितो.

कॉलेज नेमकं कोणतं

पूर्ण नाव गव्हर्नमेंट कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अँड सिरॅमिक टेक्नॉलॉजी. कोलकात्यात बेलेघाटा भागात आहे. सुरुवात १९४१ ची, तेव्हाचं नाव बंगाल सिरॅमिक इन्स्टिट्यूट. कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी या शाखा पुष्कळ नंतर आल्या. आज बी.टेक.ला सिरॅमिक टेक्नॉलॉजी, कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी अशा तीन शाखा आहेत. पदवी मौलाना अबुल कलाम आझाद तंत्रज्ञान विद्यापीठाची मिळते.

सिरॅमिकचं कॉलेज कोलकात्यातच का, याचं उत्तर त्या मुलुखात आहे. राणीगंजचा कोळसा, राजमहालच्या टेकड्यांतली चिनी माती, आणि जवळच जमशेदपूरचा, पुढे दुर्गापूरचाही पोलादाचा कारखाना. पोलाद वितळवणाऱ्या भट्टीला आतून जी वीट लागते, तिला रिफ्रॅक्टरी म्हणतात. रिफ्रॅक्टरीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पोलाद उद्योगच. त्याच शहरात जादवपूरला केंद्र सरकारची काच आणि सिरॅमिकची संशोधन संस्था आहे, ती १९५० मध्ये सुरू झाली. म्हणजे इथं सिरॅमिक ही मुख्य शाखा आहे आणि कॉम्प्युटर नंतर येऊन बसलंय. फॉर्म भरणारी मुलं याच्या बरोबर उलटं धरून चालतात.

पहिलं काम: दार आपल्याला उघडं आहे का

हे सगळ्यात आधी करा. मागच्या वर्षीचे कटऑफ बघण्यात लोक आठ-आठ दिवस घालवतात आणि पात्रतेचं पान उघडतच नाहीत.

या कॉलेजचा प्रवेश पश्चिम बंगालच्या सीईटीतून होतो, तिला डब्ल्यूबीजेईई म्हणतात. परीक्षेला कुठल्याही राज्याचा मुलगा बसू शकतो, पण सरकारी कॉलेजांतल्या जागा प्रामुख्यानं त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असतात. रहिवासी म्हणजे साधारणपणे तिथं सलग १० वर्षं राहिलेला, किंवा ज्याचे आईवडील तिथले कायमचे रहिवासी आहेत असा. सोलापुरात जन्मलेल्या, इथंच दहावी-बारावी केलेल्या पोराला ही अट बहुतेक आडवी येते. मात्र आपल्या सराफ बाजारात दागिने घडवणारी बंगाली कुटुंबं आहेत. आईवडिलांचा कायमचा पत्ता तिकडचा असेल, तर त्या मुलांना हे दार उघडं होऊ शकतं. अशा घरांनी ही वाट नक्की तपासावी, कारण त्यांना हे कुणी सांगत नाही.

ज्यांना लागू पडतं त्यांच्यासाठी परीक्षेचा साचा: गणिताचे ७५ प्रश्न, १०० गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ४० प्रश्न, प्रत्येकी ५० गुण. एकूण २०० गुण, उत्तरं ओएमआरवर. आपल्या एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, इथं कापतात. सोलापूरची मुलं ठोकून उत्तरं देण्याच्या सवयीनं तिथं जातात आणि मार खातात.

दार बंद निघालं तर निराश होऊ नका. सिरॅमिकच शिकायचं असेल तर आणखी वाटा आहेत.

बनारसच्या आयआयटीत सिरॅमिक इंजिनिअरिंगचा विभाग आहे. तो १९२४ चा, म्हणजे आयआयटी हे नाव जन्मायच्या कितीतरी आधीचा. तिथं जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. राउरकेलाच्या एनआयटीत सिरॅमिक आहे, ते जेईई मेनवर मिळतं. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात, त्यामुळे आपल्याला तिथं खरी संधी आहे. फक्त बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. एससी-एसटीला ६५ टक्के. जेईईच्या नादात बारावीकडं दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. शाखा सिरॅमिकच हवी असा हट्ट नसेल, तर पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी आणि मटेरियल्स आहे. ती सिरॅमिकची सख्खी बहीण म्हणा. मुंबईच्या जे. जे.मध्ये सिरॅमिक शिकवतात ते कलेचं शिक्षण आहे, त्याची वाट वेगळी. दोन्हींची गल्लत करणारे पालक मला भेटलेत, म्हणून सांगितलं.

आता आपल्या घराजवळची वाट. कलबुर्गीच्या पी.डी.ए. इंजिनिअरिंग कॉलेजात सिरॅमिक अँड सिमेंट टेक्नॉलॉजी नावाची शाखा आहे. कॉलेज १९५८ चं. सोलापूरहून कलबुर्गी म्हणजे रेल्वेनं दोन तासांच्या आतबाहेर. त्या भागात ही शाखा का निघाली, ते आपल्या अंगणात बघून कळतं. आपण ज्या शहाबादी फरशीवर लहानाचे मोठे झालो, ती चुनखडी आहे. तीच चुनखडी मातीबरोबर दळून साधारण १४५० अंशाला भाजली की सिमेंटचं क्लिंकर होतं, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे. वाडी, मळखेडचे सिमेंट कारखाने त्याच दगडावर उभे आहेत.

आणि हे फार थोड्यांना माहीत आहे: कर्नाटकच्या सीईटीत 'गडीनाडू कन्नडिग' असा एक प्रवर्ग असतो. मातृभाषा कन्नड आहे आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत किंवा गडहिंग्लज तालुक्यात राहतात, अशांसाठी. त्याला शिक्षणाच्या अटी आहेत आणि कन्नडची चाचणी द्यावी लागते. अक्कलकोट तालुक्यात घरात कन्नड बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत, पोरं मात्र मराठी शाळेत गेलेली. त्यांनी त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचावी, शाखेचं नाव जागांच्या यादीत आहे का ते बघावं, आणि पोराला कन्नड लिहिता-वाचता येतं का हे आधी घरीच तपासावं. बोलता येणं पुरेसं नाही.

दुसरं काम: शाखा हातात घेऊन बघा

माझ्या मते हीच खरी पायरी आहे. कॉम्प्युटर म्हणजे काय ते पोरांना रोज दिसतं. सिरॅमिक दिसत नाही, म्हणून ते उरलेल्यांचं वाटतं.

पुतणीला मी पहिलं काम दिलं ते स्वयंपाकघरात. तीन वस्तू गोळा करायला लावल्या: बाथरूमच्या भिंतीच्या टाइलचा तुटका तुकडा, व्हिट्रिफाइड फरशीचा तुकडा, आणि कुंभाराकडून आणलेला बिनरंगाचा मातीचा पेला. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या. एका ग्रॅमपर्यंत मोजणारा घरगुती काटा होता, त्यावर वजन घेतलं. मग पातेल्यात दोन तास उकळल्या, चार तास त्याच पाण्यात ठेवल्या, ओल्या फडक्यानं वरवर टिपून लगेच पुन्हा वजन केलं. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००.

भिंतीची टाइल २१२ ग्रॅमची २४३ झाली, म्हणजे १४.६ टक्के पाणी प्यायली. पेला ११८ चा १३४, म्हणजे १३.६ टक्के. व्हिट्रिफाइड तुकडा २३० चा २३१. तिला वाटलं काटा बिघडला. पुन्हा मोजलं, २३१ च.

हा आकडा म्हणजे पाणी शोषण. भिंतीच्या टाइलचं १० टक्क्यांच्या वर असतं, व्हिट्रिफाइडचं अर्ध्या टक्क्याच्या आत लागतं. फरक कशानं पडतो? मातीत फेल्डस्पार नावाचं खनिज पुरेसं मिसळून जास्त तापमानाला भाजलं, की ते वितळून काचेसारखं होतं आणि कणांमधली भोकं बुजवतं. वहिनींच्या बरणीतून लोणच्याचा खार झिरपत नाही, त्याचं कारणही हेच, शिवाय वर ग्लेजचा, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर. माती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ यांचं प्रमाण आणि भाजण्याचं तापमान, एवढ्या चार गोष्टींवर पेला व्हायचा की फरशी हे ठरतं. पोरगी त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत वहीत आकडे लिहीत बसली होती. पाल्याचं असं झालं तर समजा शाखेशी ओळख झाली. कंटाळा आला तर तेही कळलं, आणि फुकटात कळलं.

मग भट्टी बघणं. सोलापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. चिंचोली आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, आसपास सिमेंटची ग्राइंडिंग युनिट्स आहेत, साखर कारखान्यांच्या बॉयलरला आतून रिफ्रॅक्टरी विटा आहेत. फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पातून निघणारी राख सिमेंटमध्ये जाते; पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते. लूमवर सुताला वाट देणारे गुळगुळीत पांढरे गाइड बघितलेत? पुष्कळदा ते अ‍ॅल्युमिनाचे असतात. सूत मऊ असलं तरी सतत घासून लोखंडाला खाच पाडतं, अ‍ॅल्युमिना टिकतं. चादरीच्या गावातली पोरं सिरॅमिक बघतच मोठी होतात, फक्त कुणी बोट दाखवत नाही. ओळखीतून रीतसर परवानगी काढा, बूट आणि हेल्मेट घाला, तासभर बघून या.

मी पुतणीला लायनिंग दाखवलं. इंडक्शन फर्नेसमध्ये बाहेर तांब्याची कॉइल असते, तिच्यातून पाणी फिरतं. आत दीड हजार अंशांचं वितळलेलं लोखंड. या दोघांच्या मध्ये काही इंचांचा सिलिकाचा थर असतो, तेच लायनिंग. त्यासाठी कोरडी सिलिका पावडर घेतात, त्यात थोडं बोरिक अ‍ॅसिड. पत्र्याचा फॉर्मा मध्ये उभा करून भोवती थर-थर ओततात, काट्यानं टोचून हवा काढतात, व्हायब्रेटरनं ठोकतात. मग पहिली हीट, म्हणजे धातू वितळवायची पहिली खेप, अगदी हळू घ्यायची. लोखंडाच्या बाजूचा थर भाजून दगड होतो आणि कॉइलच्या बाजूचा मुद्दाम सुटा भुसभुशीत राहू द्यायचा, म्हणजे आत चीर पडली तरी ती त्या भुशात येऊन थांबते.

हळू का, ते मी एकदा महागात शिकलो. क्वार्ट्झ ५७३ अंशाला आपली रचना बदलतं आणि एकदम फुगतं. ते तापमान सावकाश ओलांडावं लागतं. काही वर्षांपूर्वी मालाची घाई होती. पहिली हीट नेहमीच्या निम्म्या वेळात काढायचं ठरलं आणि मी नाही म्हटलं नाही. तिसऱ्या हीटला लीकेजचा अलार्म वाजला. धातू ओतून टाकला, फर्नेस थंड केली, लायनिंग फोडलं. सिलिकाच्या चिरेत शिरलेला लोखंडाचा पातळ पत्रा निघाला, माझ्या बोटाएवढा लांब. कॉइल तिथून थोडीच दूर होती. वितळलेलं लोखंड पाण्याला भेटलं असतं तर काय झालं असतं, हे त्या शिफ्टच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो पत्रा मी जपून ठेवलाय. पुतणीच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं, सिरॅमिक इंजिनिअर हा पत्रा होऊ देत नाही.

कॉम्प्युटर की सिरॅमिक

कॉम्प्युटरला नोकऱ्या जास्त, गावोगाव आणि घरबसल्याही. सिरॅमिकला कमी, आणि त्या ठरावीक ठिकाणी: मोरबीच्या टाइल्स, पोलाद कारखान्यांच्या रिफ्रॅक्टरी, सिमेंटचं क्वालिटी कंट्रोल, काच, विजेचे इन्सुलेटर. शिफ्ट असते, धूळ असते, उष्णता असते. हे पोराला आधीच सांगा. तसंच हेही सांगा की तुमच्या खिशातल्या फोनमध्ये शेकडो बारीक सिरॅमिक कपॅसिटर बसलेत, दातावरची झिर्कोनियाची कॅप सिरॅमिक आहे, आणि या वस्तूंवर काम करणारी माणसं वर्गात थोडीच असतात.

सिरॅमिकवाल्याला कोडिंग नको, हा समज मात्र सोडा. आजची भट्टी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि कंट्रोलरवर चालते. तापमान किती वेगानं चढवायचं, कुठं थांबवायचं, हे प्रोग्रॅममध्ये घालावं लागतं. पुतणीनं पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला: ३० ते ५०० अंश ताशी १०० नं, ५०० ते ६५० ताशी ५० नं, तिथून १२०० पर्यंत ताशी १५० नं, वर एक तास थांबायचं. उत्तर आलं १२ तास २२ मिनिटं. मग तिनं मधला टप्पा उडवून ताशी १०० च ठेवला, तर दीड तास वाचला. "काका, या दीड तासासाठी तुम्ही घाई केली होती?" आमचा हिशोब वेगळा होता, पण गोष्ट तीच.

पाल्याला हे करायला द्या. त्याचं मन प्रोग्रॅमच्या ओळींत जास्त रमलं तर कॉम्प्युटर घ्यावं, आपल्या सोलापुरातल्याच कॉलेजात घेतलं तरी हरकत नाही. "५७३ ला नेमकं काय होतं" हे विचारत राहिला तर सिरॅमिक. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या आशेवर मात्र सिरॅमिक घेऊ नका. वरचे मोजकेच जातात, बाकीचे तीन वर्षं कुढत बसतात.

कॉलेजातल्या सीनियरशी फोनवर बोला, पण "कॉलेज कसंय" असं विचारू नका. प्रयोगशाळेतली भट्टी चालू आहे का, तिचं कमाल तापमान किती, सिरॅमिकच्या मुलांना कोडिंगचे इलेक्टिव्ह मिळतात का, मागच्या बॅचमधले किती जण खरोखर सिरॅमिकच्या कामात लागले, हे विचारा.

कागदपत्रं

इथं सोलापूरच्या मुलांचं हमखास एका ठिकाणी अडतं. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशात राज्याचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच. एसबीसी, व्हीजेएनटी हे आपल्या राज्याचे प्रवर्ग तिथं नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते नावाच्या स्पेलिंगसकट तपासा. सेतूत गेल्यावर पहिल्याच वाक्यात "केंद्राच्या नमुन्यातला पाहिजे" असं सांगा, नाहीतर नेहमीचाच दाखला हातात पडतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका, जूनमध्ये रांग मोठी असते.

ऑप्शन फॉर्म

पसंतीचा क्रम खऱ्या आवडीनं लावा. वरचे पर्याय मिळाले नाहीत म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही, रँक तीच राहते. "आधी मिळेल ते टाकू" या भीतीपोटी पोरं स्वतःच चांगली जागा घालवतात.

आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय फेऱ्यांमध्ये जागा मिळाल्यावर तीन पर्याय येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. फ्लोट म्हणजे यादीतलं वरचं काहीही मिळालं तर चालेल. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा वरची मिळाली तर द्या. सिरॅमिक मिळालेली आणि मनात कॉम्प्युटर असलेली मुलं स्लाइड घेतात, त्यात गैर काही नाही. फक्त यादीत त्या कॉलेजचं कॉम्प्युटर सिरॅमिकच्या वर लिहिलेलं असलं पाहिजे, नसेल तर स्लाइडचा उपयोग शून्य.

लॉक करण्याआधी यादीची प्रिंट काढा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी पाल्यानं ती मोठ्यानं वाचावी, प्रत्येक ओळीला "हे मिळालं तर मी जाईन का" असं स्वतःला विचारावं. जिथं अडखळेल ती ओळ खोडा. आमच्या घरी अशा अकरा ओळी खोडल्या गेल्या. राउरकेला सिरॅमिक चौथ्या नंबरवर होतं, वाचताना ते दुसऱ्यावर गेलं. जागा लागली तेव्हा स्लाइड, फ्लोट काहीच न बघता तिनं फ्रीझ दाबलं. जाताना बॅगेत आठवणीनं तो २३१ ग्रॅमचा तुकडा टाकला, आणि वहिनींनी त्याच बरणीतलं लोणचं बांधून दिलं.